दिसण्याचं व्याकरण

प्रयोगशाळेतल्या पडद्यावर सोळा हजार हिरवे ठिपके स्थिर उजळले होते. एकही लाल नव्हता, एकही विझलेला नव्हता. डॉ. गार्गी वैशंपायन यांनी तिसऱ्यांदा तपासणी केली आणि समोर बसलेल्या तेरा वर्षांच्या मुलीकडे पाहिलं. तिच्या कपाळावर चार टाक्यांची ताजी खूण होती.

"अल्फिया, टेबलावर काय आहे?"

अल्फिया मुलाणीने मान खाली केली. चष्म्याच्या दांड्यांत बसवलेले दोन कॅमेरे टेबलाकडे वळले.

"पांढरं," ती म्हणाली. "त्याच्यात एक काळं. शेजारी अजून एक पांढरं, वाकडं."

"म्हणजे कुठली वस्तू?"

"वस्तू किती आहेत ते तर सांगा आधी."

गार्गीने तिचा हात धरून पुढे नेला. बोटं कडेला लागली मात्र, मुलीचा चेहरा फुलला. "कप! कान थोडा तुटलाय त्याचा. आणि चहा गार झालाय, मॅडम."

गार्गीच्या संस्थेने बनवलेलं 'दृष्टिजाल' आता सहा वर्षांचं झालं होतं. कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ अशी जाळी मेंदूच्या मागच्या भागातल्या दृक्केंद्रावर अंथरायची, आणि चष्म्यातले कॅमेरे जे टिपतील ते जाळीच्या सोळा हजार टोकांमधून थेट मेंदूला द्यायचं. डोळा आणि डोळ्याची नस यांना पूर्ण वगळून. राज्य सरकारने ही शस्त्रक्रिया मोफत केली तेव्हा बार्शीच्या बुरगुटे अंध व अल्पदृष्टी विद्यालयातल्या अल्फियासकट सगळ्या अठ्ठावन्न मुलांवर ती झाली. त्यानंतरच्या अहवालात गार्गीने स्वतः एक वाक्य लिहिलं होतं : 'या शाळेची गरज आता उरलेली नाही.' जूनपासून शाळेला कुलूप लागलं आणि मुलं साध्या शाळांमध्ये वाटली गेली.

"मॅडम, मशीन बिघडलंय का?" अल्फियाचे वडील रफिक मुलाणी यांनी विचारलं. बार्शीत त्यांची पिठाची गिरणी होती.

"नाही. मशीन उत्तम चाललंय."

"मग हे असं कसं? ऑपरेशनच्या आधी ही काठी घेऊन एकटी स्टँडवर जायची. आता दारात सावली पडली तरी खड्डा समजून उभी राहते. गेल्या आठवड्यात काचेच्या दारावर आपटली. त्यात तुम्ही डोळस असल्याचा दाखला दिलात, म्हणून अंधत्वाचा दाखला रद्द झाला. ब्रेलमध्ये पेपर मिळत नाही, लेखनिक मिळत नाही. छापलेलं हिला वाचता येत नाही. पहिली यायची ही वर्गात, मॅडम. सहामाहीत चार विषय गेले."

अल्फियाने चष्मा काढून खिशात ठेवला आणि दप्तरातली घडीची काठी उघडली. "असं बरं वाटतं," ती म्हणाली. "डोक्यातला गोंगाट थांबतो."

त्या दोघांना निरोप देऊन गार्गीने सगळे आकडे पुन्हा मांडले. आतापर्यंत ती सरासरी पाहत आली होती, आणि सरासरी छान होती. आता तिने अल्पदृष्टी मुलं वेगळी काढली. ज्यांना जन्मापासून थोडं का होईना दिसत होतं, ती मुलं पंधरा दिवसांत पळायला लागली होती. उरली जन्मांध. ती एकेचाळीस होती आणि त्यातल्या छत्तीस जणांनी चष्मा कपाटात टाकला होता. पाच मुलं मात्र व्यवस्थित पाहत होती. एक सायकल शिकत होता. एकीने तर घरच्या मांजरीचं चित्र काढलं होतं.

शस्त्रक्रिया तीच, जाळी तीच. तरीही या पाचांना जमलं होतं. गार्गीने त्यांच्या घरी फोन केले तेव्हा पाचही घरांतून एकच उत्तर आलं. मुलं रविवारी लोखंडे सरांकडे जातात.

हणमंत लोखंडे बंद पडलेल्या शाळेत एकतीस वर्षं भूमिती शिकवत होते. शाळा गेल्यावर सरकारने त्यांना एका कार्यालयात दूरध्वनीवर बसवलं होतं. ते जन्मापासून पूर्ण अंध होते. मोठ्या माणसांना शस्त्रक्रियेची परवानगी अजून मिळालेली नव्हती.

पुढच्या रविवारी गार्गी बार्शीला पोचली. सरांच्या अंगणात पाच मुलं आणि एक नवी मुलगी बसली होती. नवी मुलगी अल्फिया होती. गार्गीने फोनवर सरांचं नाव सांगताच वडिलांनी तिला इथे आणून सोडलं होतं.

"समोर काय आहे?" सर विचारत होते. त्यांनी स्वतः तोंड दुसऱ्याच दिशेला केलं होतं.

"काळं," अल्फिया म्हणाली. "जमिनीवर. खड्डा आहे, सर."

"काळ्याची एक बाजू कशाला चिकटलीय का, बघ. सावकाश कडेकडेने जा."

बराच वेळ गेला. "चिकटलीय. लांब, उभं आहे काहीतरी, त्याच्या तळाला."

"खड्डा कधी कुणाच्या पायाला चिकटतो का?"

"नाही."

"आता तू उभी राहा आणि हात हलव. तुझ्या पायाशी काही काळं हलतंय?"

अल्फियाने हात हलवला. मग दोन्ही हात हलवले. मग ती जागच्या जागी उड्या मारू लागली आणि मोठ्याने हसायला लागली. "माझीपण आहे! सर, माझीपण सावली आहे!"

"सगळ्यांची असते. माझीही असेल बघ. आता पुढचं. मान डावी-उजवीकडे कर. जे जास्त सरकेल ते जवळचं, जे कमी सरकेल ते लांबचं. दोन गोष्टी नेहमी एकत्रच सरकत असतील तर त्या दोन नाहीत, एकच आहे. बादली कुठे संपते ते मला सांग."

गार्गी फाटकापाशीच उभी राहिली होती. तिच्या संस्थेतले बारा निष्णात प्रशिक्षक सहा महिन्यांत जे करू शकले नव्हते, ते हा मनुष्य न पाहता करत होता.

वर्ग सुटल्यावर तिने स्वतःची ओळख करून दिली. सरांच्या पत्नीने चहा आणला.

"सर, तुम्हाला हे कसं ठाऊक?"

"विचारून विचारून," सर म्हणाले. "लहानपणी थोरला भाऊ हात धरून रस्ता ओलांडायचा. म्हणायचा, चल, बस लांब आहे. मी विचारायचो, तुला कसं कळलं? म्हणायचा, बारकी दिसतेय. बस कशी बारकी होईल? त्याला राग यायचा. त्याला सांगताच यायचं नाही, पण मी सोडायचो नाही. जे कळेल ते ब्रेलमध्ये लिहून ठेवायचो. आजवर सातशे चाळीस नियम झालेत. डोळस माणसांच्या जगात राहायचं तर त्यांना काय दिसतं याचा हिशेब आपल्याकडे हवा. पोरांनाही तेच शिकवत आलो."

"पण आमच्या प्रशिक्षकांना तर प्रत्यक्ष दिसतं."

"म्हणूनच अडतं त्यांचं." सरांनी कप खाली ठेवला. "मॅडम, भिंत हा शब्द कसा चालतो? तो भिंत, ती भिंत की ते भिंत?"

"ती भिंत."

"का?"

"का म्हणजे... तीच."

"आणि दगड तो. कशावरून?"

सरांनी उत्तराची वाट पाहिली नाही.

"इथल्या दवाखान्यात केरळहून आलेल्या एक नर्सबाई होत्या. त्या मोठेपणी मराठी शिकल्या. त्यांच्याकडे तक्ता होता, कुठला शब्द कसा चालतो त्याचा. नवीन आलेली नर्स कुठे चुकणार ते त्यांना आधीच कळायचं. आपल्याला नाही कळत. आपण मराठी शिकलोच नाही, आईच्या मांडीवर ती आपोआप आली. तुमचं पाहणं तसंच आहे. तान्हेपणी मेंदूने ते उचललं, त्याचं व्याकरण तुम्हाला कुणी सांगितलं नाही. या पोरांना आता तेरा-चौदाव्या वर्षी परक्या भाषेसारखं शिकायचंय. मला ती भाषा बोलता येत नाही, पण व्याकरण पाठ आहे."

गार्गी शास्त्रज्ञ होती. एक उदाहरण तिला पटलं, तरी पुरेसं वाटलं नाही. सरांच्या वह्या तिने छापील मराठीत उतरवून घेतल्या, सातशे चाळीस नियम बारा प्रशिक्षकांकडून घोकून घेतले आणि चोवीस जन्मांध मुलांचे दोन गट केले. बारा मुलांना नियम पाठ केलेले डोळस प्रशिक्षक, प्रत्येकाला एक. उरलेल्या बारांना मिळून एकटे लोखंडे सर. मुदत तीन महिने.

दुसऱ्याच आठवड्यात फरक कुठे आहे ते तिच्या लक्षात आलं. एक मुलगा जिन्यासमोर उभा राहून म्हणाला, "पट्टे आहेत."

त्याचा प्रशिक्षक समजूतदार होता, प्रेमळ होता. तो म्हणाला, "नीट बघ बाळा, पायऱ्या आहेत." मुलाने नीट पाहिलं. त्याला पट्टेच दिसत होते. प्रशिक्षकाने नियम क्रमांक दोनशे बारा वाचून दाखवला. पण अडचण दोनशे बाराची नव्हतीच. ती कशाची होती हे प्रशिक्षकाला शोधता येईना, कारण त्याला तिथे पायऱ्या दिसत होत्या. काहीही केलं तरी त्याला पट्टे दिसेनात.

त्याच जिन्यासमोर सरांच्या गटातली एक मुलगी तेच म्हणाली. सर थांबले. "पट्टे. बरं. सगळे सारख्या रुंदीचे आहेत का?"

"नाही. वर जाताना अरुंद होतात."

"मग ते आपल्यापासून लांब लांब जातायत. आणि रंग?"

"एक उजळ, एक काळपट. परत उजळ, परत काळपट."

"उजळ म्हणजे वरून उजेड पडलेला भाग. काळपट म्हणजे उभा भाग, त्याच्यावर उजेड कमी. आडवं, उभं, आडवं, उभं, आणि वर वर लांब जातंय. अशी कुठली वस्तू तुझ्या पायांना माहीत आहे?"

मुलीने पाऊल उचलून हवेतच धरलं. मग एकदम म्हणाली, "जिना!" आणि कठड्याला हात न लावता पहिली पायरी चढली.

सरांच्या डोक्यात मुलीच्या शब्दांखेरीज दुसरं चित्रच नव्हतं. तिला पट्टे दिसले की त्यांच्याही मनात पट्टेच असत, आणि तिथून जिन्यापर्यंतची वाट त्यांना पायाखालची होती. डोळस माणूस मात्र जन्मभर जिन्यावरच उभा होता.

तीन महिन्यांनी निकाल लागला. प्रशिक्षकांच्या बारा मुलांपैकी दोन पाहायला शिकली होती, सरांची अकरा. गार्गीने नवा अहवाल लिहिला. आधीचा अहवाल चुकीचा होता, हे पहिल्याच परिच्छेदात आपल्या सहीनिशी नोंदवलं. रद्द झालेले दाखले मुलांना परत मिळाले. पाहणं पूर्ण येईपर्यंत ब्रेल आणि लेखनिक चालू राहतील असा आदेश निघाला. पुढच्या जूनमध्ये बुरगुटे विद्यालयाचं कुलूप निघालं. फलक जुनाच ठेवायचा असा आग्रह सरांनी धरला. "मुलं अंध म्हणूनच येणार," ते म्हणाले. "जाताना काय होऊन जातात तो पुढचा भाग."

राज्यभरातून मुलं यायला लागली. सहा वर्षांवरची अकरा हजार जन्मांध मुलं यादीत होती. नव्याने जन्मणाऱ्या बाळांना पहिल्या वर्षातच जाळी बसत होती आणि ती इतर बाळांसारखी आपोआप पाहायला शिकत होती. त्यांना शाळेची गरज नव्हती. काम मोठं होतं, पण कधीतरी संपणारं होतं.

सर थकत चालले होते. पण त्यांना वारस मिळाला आहे याबद्दल कुणालाच शंका नव्हती. अल्फिया तीन-चार महिन्यांत पाहायला शिकली, दीड वर्षात छापील वाचायला शिकली, बारावी झाली आणि अठराव्या वर्षी सहशिक्षिका म्हणून शाळेत परत आली. तिला न दिसणं ठाऊक होतं आणि दिसणंही. याहून चांगला शिक्षक कोण असणार? पहिलं वर्ष तिने गाजवलं. तिची मुलं सरांच्या मुलांपेक्षा लवकर तयार व्हायची.

दुसऱ्या वर्षी तिची मुलं मागे पडायला लागली. कारण कुणालाच सापडेना. मग एके दिवशी दुपारच्या वर्गात पूर्वा नावाची आठ वर्षांची मुलगी व्हरांड्यात थबकली. "ताई, पाणी सांडलंय."

"अगं, ऊन पडलंय ते फरशीवर."

"पाणी आहे. चमकतंय."

"ऊनच आहे, पूर्वा. दिसतंय ना स्पष्ट!"

पूर्वाने चष्मा काढला आणि ती रडायला लागली. अल्फियाने वाकून फरशीकडे पाहिलं. त्या उन्हात पाण्यासारखं काय आहे ते शोधायचा तिने मनापासून प्रयत्न केला. तिला फक्त ऊन दिसलं.

ती तडक सरांच्या खोलीत गेली. "सर, मला आता आठवतच नाही. मला कसं दिसत नव्हतं ते. ऊन नि पाणी मी कशावरून ओळखते, नियम पाठ आहे माझा, पण मी तो वापरतच नाही आता. बघते आणि कळतं."

"मग रडतेस कशाला?" सर म्हणाले. "पास झालीस की तू."

"मी शिकवू शकत नाही, सर. लहानपणी मला या शाळेने उभं केलं. मला इथंच राहायचं होतं."

सरांनी पाण्याचा तांब्या तिच्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "अल्फी, चालायला शिकवणाऱ्या माणसाला पाऊल मोजत चालावं लागतं. तू धावायला लागलीस. तुला परत बसवून ठेवणं हे शाळेचं काम नाही. तू जा आणि पुढचं शीक."

गार्गीने अल्फियाच्या मेंदूची तपासणी केली. चित्र स्वच्छ होतं. दोन वर्षांपूर्वी पाहताना तिच्या मेंदूचा पुढचा, विचार करणारा भाग पेटून उठायचा. आता तो शांत होता आणि सगळं काम मागचं दृक्केंद्र परस्पर उरकत होतं. गार्गीने पूर्वी शिकलेल्या चाळीस मुलांना बोलावून तपासलं. प्रत्येकाचं तेच झालं होतं. शिक्षण यशस्वी झालं की सुमारे पाच वर्षांत व्याकरण विरघळून भाषा उरत होती, आणि ज्याला भाषा आली त्याला ती शिकवता येत नव्हती.

त्या वर्षीच्या मे महिन्यात वर्तमानपत्रांत शिक्षण विभागाची जाहिरात आली. 'पाहणे' या विषयासाठी नऊ शिक्षक पाहिजेत. उमेदवार जन्मतः पूर्ण अंध असावा. दृष्टिजाल बसवलेल्यांनी, तसेच दृष्टी नंतर गेलेल्यांनी अर्ज करू नयेत. छपाईत चूक झाली असं समजून लोकांनी विभागाला फोन केले. चूक नव्हती. राज्यभरातून तेराशे अर्ज आले. आजवर ज्यांना कुणी टेलिफोनवर, कुणी खुर्च्या विणायला बसवलं होतं अशा तेराशे माणसांनी आपापल्या नियमांच्या वह्या सोबत जोडल्या होत्या. लोखंडे सरांनी नऊ जण निवडले, सहा महिने घासूनपुसून तयार केले, आणि शाळा दहा शिक्षकांची झाली.

त्यानंतर दोनच महिन्यांनी मोठ्या वयाच्या माणसांसाठी दृष्टिजालाला परवानगी मिळाली. गार्गी स्वतः कागद घेऊन बार्शीला आली. सरांचा अर्ज कित्येक वर्षं पडून होता, हे तिला ठाऊक होतं. येताना गाडीत तिने एक गणित मांडलं होतं आणि ते तिला अजिबात आवडलं नव्हतं.

मधली सुटी होती. मैदानावर मुलांचा कल्ला चालला होता. सर व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते.

"सर, परवानगी आली. तुम्हा दहाही जणांना. पण एक अडचण आहे."

"सांगा."

"मोठ्या माणसालाही पाहायला शिकवावंच लागेल. आणि शिकवू शकतो तो फक्त जन्मांध शिक्षक. पुढच्या दहा-बारा वर्षांत यादीतली मुलं संपतील. तोवर एकेकाने निवृत्त व्हायचं, जाळी बसवून घ्यायची, उरलेल्यांनी त्याला शिकवायचं. असे नऊ जण पाहायला लागतील." तिने कागद पुढे केला. "दहावा राहील. नवे शिक्षक कितीही जोडले तरी शेवटचा एक उरणारच, आणि त्याला शिकवायला कुणी अंध माणूस उरलेला नसेल."

"बरोबर आहे," सर म्हणाले. "जाहिरात काढली त्या दिवशीच मी हा हिशेब केला होता."

"तुम्हाला नियम पाठ आहेत. तुम्ही स्वतःच स्वतःला..."

"नाही मॅडम. चूक करणाऱ्याला स्वतःची चूक ऐकू येत नाही. ते दुसऱ्यानेच ऐकावं लागतं. तुम्हीच सिद्ध केलंत ते."

"म्हणून म्हणते, तुम्ही पहिले व्हा. हक्क तुमचा आहे. तुमच्यामुळे हे सगळं उभं राहिलं. नऊ जण आहेत तुम्हाला शिकवायला, आणि ते तुमच्याच हाताखाली तयार झालेत."

सरांनी कागद हातात घेतला. खाली दहा नावांसाठी दहा ओळी ब्रेलमध्ये उठवलेल्या होत्या. त्यांची बोटं पहिल्या ओळीवर थोडी रेंगाळली.

"मोह होतो," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू? चेहरे-बिहरे नाही, ते हातांना ठाऊक आहेत. मला रूळ बघायचे होते. रेल्वेचे. नियम सहावा : दोन समांतर रेषा लांब जाताना जवळ येतात आणि शेवटी एकमेकींना मिळतात. मी भूमितीचा मास्तर, मॅडम. सकाळी वर्गात सांगतो, समांतर रेषा कधीच मिळत नाहीत. दुपारी सांगतो, दिसायला मिळतात. हजारो पोरांना सांगितलं. पण मला स्वतःला आजतागायत ते पटलेलं नाही."

"मिळतात, सर. खरंच मिळताना दिसतात."

"सगळे असंच सांगतात," सर हसून म्हणाले. "तुम्ही म्हणता म्हणून शिकवतो."

त्यांची बोटं एकेक ओळ ओलांडत खाली गेली. दहाव्या ओळीवर त्यांनी नखाने खूण केली आणि खिशातून सहीचा शिक्का काढून तिथे दाबला.

"नऊ जणांना घरी पोचवायचं तर शाळा सुटल्यावर कुलूप लावायला कुणीतरी थांबावंच लागतं," ते म्हणाले. "आणि मला इथला कडी-कोयंडा चांगला ठाऊक आहे."

घंटा झाली. सरांनी कागद गार्गीच्या हातात दिला, काठी उचलली आणि चौथीच्या वर्गाकडे निघाले. आज उन्हाचा आणि पाण्याचा धडा होता, आणि पूर्वाने सकाळीच सांगितलं होतं की तिला ते ऊन अजूनही पटलेलं नाही.